औषध पुण्यात, दुष्परिणाम सोलापुरात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत कॅन्सरवरील इम्युनोथेरपीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभे करणाऱ्या या उपचारांनी पुष्कळ रुग्णांना आयुष्य मिळवून दिले, असे त्यात म्हटले आहे आणि ते खरे आहे. माझे यजमान त्या रुग्णांपैकीच एक आहेत. मात्र 'दुष्परिणाम क्वचित आणि बहुधा सौम्य' अशा एका वाक्यात लेखाने जो विषय आटोपला, तो आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात तीन महिने ठाण मांडून होता. त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आम्हांला जो त्रास झाला त्यातला निम्मा आजाराचा होता आणि निम्मा निव्वळ माहिती नसल्याचा.

यजमान सूत रंगवण्याच्या कारखान्यात तीस वर्षे होते आणि बिडीही ओढत असत. लघवीतून न दुखता रक्त गेले म्हणून तपासणी झाली आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात गाठ निघाली. तंबाखूचा धूर हे या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि रंगांच्या कारखान्यातील काही रसायनांशी त्याचा संबंध असल्याचे जर्मनीतील लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने १८९५ मध्येच दाखवून दिले होते. यजमानांच्या बाबतीत कशाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. चादरी, टॉवेल आणि बिडी यांवर पोट असलेल्या आपल्या शहराने मात्र लघवीतले रक्त कधीही 'उष्णतेमुळे झाले असेल' म्हणून सोडून देऊ नये, एवढे जाता जाता लिहिते.

पुण्यातील एका रुग्णालयात दुर्बिणीतून गाठ काढली आणि नंतर आठवड्याला एक याप्रमाणे बीसीजीचे सहा डोस ठरले. बीसीजी म्हणजे बाळाच्या दंडावर टोचतात तीच लस. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी गुरांच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून तेरा वर्षे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये ती लस प्रथम माणसाला दिली गेली. तोच जिवंत, पण दुबळा जंतू नळीवाटे मूत्राशयात सोडला तर तिथे प्रतिकारशक्ती जागी होते आणि कॅन्सरच्या उरलेल्या पेशींचाही समाचार घेते, हे कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. आज पन्नास वर्षांनंतरही अस्तरापुरत्या मर्यादित असलेल्या, पण पुन्हा उलटण्याचा धोका जास्त असलेल्या कॅन्सरसाठी हाच उपचार पहिला मानला जातो. तो लागू पडला नाही तर पुष्कळदा पूर्ण मूत्राशय काढून टाकावे लागते. म्हणूनच बीसीजीविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, आणि हे पत्र वाचून कोणीही आपला डोस चुकवू नये.

डोसचा दिवस माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने निघायचे, नळी घालून औषध आत गेले की दोन तास लघवी रोखून पडून राहायचे आणि दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत 'आता डावीकडे', 'आता पालथे' असे मी सांगत असे. त्या रात्री भाचीकडे मुक्काम असे, कारण पहिले सहा तास प्रत्येक वेळी लघवीनंतर संडासात ब्लीच ओतून ते पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावे लागते. लघवीला जळजळ होईल, थोडे रक्त दिसेल, कणकण वाटेल, असे परिचारिकेने नीट समजावले होते. १०१ च्या वर ताप जाऊन थंडी वाजू लागली आणि ती थांबली नाही तर ताबडतोब कळवा, कारण तो जंतू रक्तात उतरल्याचे लक्षण असू शकते, हेही सांगितले होते. गुडघ्यांविषयी आणि डोळ्यांविषयी मात्र कोणी काही बोलले नाही.

पाचव्या डोसनंतर आठवड्याच्या आतच यजमानांचा उजवा गुडघा सुजला. दोन दिवसांनी डावा घोटा सुजला आणि दोन्ही डोळे लाल झाले. ऑगस्ट महिना होता, शहरात चिकनगुनियाची चर्चा होती आणि आमच्याच गल्लीत तिघांचे डोळे आले होते. त्यामुळे जे कोणालाही वाटले असते तेच आम्हांला वाटले. फॅमिली डॉक्टरांनी चिकनगुनियाची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यातले पाणी काढून तपासायला पाठवले, त्यात जंतू सापडले नाहीत, तेव्हा वयोमानाने झिजलेल्या गुडघ्याचा निष्कर्ष निघाला. या तिन्ही डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' आणि यजमानांनी तिन्ही ठिकाणी प्रामाणिकपणे एकच उत्तर दिले, 'बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.' पुण्यात मूत्राशयात सोडले जाणारे ते द्रव्य त्यांच्या लेखी औषध नव्हतेच. ते म्हणायचे, 'पिशवी धुवायला जातो.' मीही तसेच म्हणत असे.

सहाव्या डोससाठी आम्ही निघालोदेखील होतो. सोलापूर स्टेशनच्या जिन्यावर यजमानांना पायरी चढवेना. एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून ते चार पायऱ्या चढले आणि तिथेच बसले. गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली. त्या वेळी मला रडू आले. कॅन्सरचा डोस चुकला, आता काय होईल, एवढेच डोक्यात होते. तो डोस चुकला हे किती बरे झाले, ते चार दिवसांनी कळले.

शेजारच्या मुलीच्या सांगण्यावरून आम्ही आपल्याच शहरातील एका तरुण फिजिशियनकडे गेलो. त्यांनी औषधांचा प्रश्न विचारलाच नाही. 'गेल्या वर्षभरात कुठले ऑपरेशन, कुठली लस, कुठले इंजेक्शन, शरीरात बाहेरून काही सोडले का?' असे त्यांनी विचारले. मी पिशवीतून पुण्याचे डिस्चार्ज कार्ड काढून दिले. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, इंग्रजीत बीसीजीचा उल्लेख होता. त्यांनी ती ओळ बोटाने दाखवली आणि म्हणाले, 'काकू, हा संधिवात इथून आलेला आहे.'

ते काय होते, हे मला जसे उमगले तसे सांगते. बीसीजीमुळे मूत्राशयात जागी झालेली प्रतिकारशक्ती काही थोड्या रुग्णांत, शंभरातल्या जेमतेम एखाद्यात, तिथेच थांबत नाही. सांध्यांत एकही जंतू नसताना ती सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. गुडघे आणि घोटे हे तिचे नेहमीचे लक्ष्य. काहींच्या डोळ्यांतही दाह होतो. एचएलए-बी२७ नावाचा आनुवंशिक घटक ज्यांच्या रक्तात असतो त्यांना हा धोका अधिक असतो, आणि यजमानांच्या रक्तात तो निघाला. सांध्यातल्या पाण्यात जंतू न सापडणे, जे आम्हांला 'काही नाही' असे सांगितले गेले होते, तेच खरे तर या आजाराचे बोलके लक्षण होते. अशा वेळी बीसीजी थांबवतात, सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात आणि गरज पडली तर थोडे दिवस स्टिरॉइड. ते देण्याआधी जंतूचा खराखुरा संसर्ग नाही याची खात्री करून घ्यावी लागते. तो असेल तर उपचार क्षयाच्या औषधांचा असतो, म्हणजे अगदीच वेगळा. त्या डॉक्टरांनी पुण्याला फोन करून दोन्ही बाजूंनी खात्री केली. डोळ्यांची तपासणीही पुन्हा आणि सखोल झाली, कारण डोळ्याच्या आतल्या भागातला दाह निव्वळ थेंबांवर ढकलला तर दृष्टीला अपाय होऊ शकतो. सहा आठवड्यांत यजमान काठीशिवाय सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत जाऊ लागले. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी होते आणि आतापर्यंत मूत्राशय स्वच्छ आहे.

आमचे निभावले. पण पुण्याच्या त्याच प्रतीक्षागृहात अक्कलकोट रस्त्याच्या भागातील एका टॉवेल कारखान्यातले गृहस्थ आम्हांला भेटत असत, त्यांची कथा अधिक कठीण आहे. त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख न देता, ती लिहिते. त्यांचा कॅन्सर मूत्राशयाबाहेर पसरला होता आणि त्यांना दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबचे सलाईन दिले जात होते. हा दुसऱ्या प्रकारचा इम्युनोथेरपीचा उपचार. आपल्या शरीरातील टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, एक लगाम असतो, तो नसता तर त्या आपल्याच अवयवांवर धावून गेल्या असत्या. पीडी-१ हा तो लगाम जपानच्या क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला आणि अशाच दुसऱ्या लगामावर काम करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांच्यासह त्यांना २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. कॅन्सरच्या पेशी हाच लगाम खेचून टी पेशींना गप्प बसवतात. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब, ॲटेझोलिझुमॅब, ॲव्हेलुमॅब ही औषधे तो लगाम सैल करतात. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी ती अमेरिकेत २०१६ पासून मान्य होत गेली, आणि पूर्वी ज्यांना सांगण्यासारखे काही उरत नसे अशा काही रुग्णांना त्यांनी वर्षे दिली. मात्र लगाम सैल झाला की टी पेशी कधी कधी निरोगी अवयवावरही जातात. या गृहस्थांच्या बाबतीत त्या स्वादुपिंडावर गेल्या.

मे महिना होता. सोलापूरचा मे सोलापूरकराला सांगायला नको. त्यांना तहान फार लागू लागली, तर घरचे म्हणाले ऊन आहे. लघवीला वारंवार होऊ लागले, तर सगळे म्हणाले मूत्राशयाचाच आजार आहे, होणारच. वजन उतरले, तर म्हणाले कॅन्सर आहे. एकही खूण अशी नव्हती की जिला आधीच एक तयार कारण चिकटलेले नव्हते. उलट्या सुरू झाल्यावर जवळच्या दवाखान्यात एक सलाईन लावून त्यांना घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी ते बरळू लागले तेव्हा साखर पाहिली, ती पाचशेच्या वर होती आणि रक्त आम्लधर्मी झाले होते. आयुष्यात कधीही मधुमेह नसलेला साठीचा माणूस लहान मुलांना होतो तशा मधुमेहाने अतिदक्षता विभागात पोहोचला. सगळे इतक्या झपाट्याने घडले होते की तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी फारशी वाढलेली नव्हती, त्यामुळे आधी कोणी ती तपासणी केली असती तरी फसगत झाली असती. ते वाचले. इन्सुलिन मात्र आता जन्मभर.

असा मधुमेह दुर्मिळ आहे, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. थायरॉइड मंदावणे त्यामानाने पुष्कळ, शंभरात आठ-दहा जणांना होते, आणि गोळीने सावरते. सर्वांत भयंकर आणि सर्वांत विरळ म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. तो बहुधा उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि त्यातून वाचणे अवघड असते. कधी त्याच्या जोडीने पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, घास गिळताना अडखळतो, धाप लागते. फुप्फुस, यकृत, आतडी, कातडी, मज्जातंतू, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी, यांपैकी काहीही या दाहाच्या तावडीत सापडू शकते. मला विशेष भीती वाटते ती दोन गोष्टींची, कारण त्या आपल्या शहरात सहज झाकल्या जातील. एक म्हणजे जुलाब. पाणी बाधले समजून जुलाब बंद करणारी गोळी आणि अँटिबायोटिक दिले जाते, आणि आतड्याचा दाह आत वाढत राहतो. दुसरी म्हणजे गळून जाणे. पिट्यूटरी किंवा मूत्रपिंडावरील ग्रंथी बंद पडली तर रक्तदाब उतरतो, सोडियम कमी होते, माणूस अंथरुणातून उठत नाही. उन्हाचा त्रास म्हणून सलाईनची बाटली लावली की चार तास बरे वाटते आणि पुन्हा तेच. त्याला हवे असते हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड, आणि तेही त्याच दिवशी.

यात सर्वांत फसवी बाब वेळेची आहे. हे दुष्परिणाम शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. तेव्हा 'सध्या कोणती औषधे चालू आहेत?' या प्रश्नाला रुग्ण 'कोणतीच नाहीत' म्हणेल आणि ते खरेही असेल. उपचार पुण्यात किंवा मुंबईत होतो, दोन डोसांच्या मधले एकवीस दिवस माणूस सोलापुरात, बार्शीत, मंगळवेढ्यात असतो, आणि आजार त्या एकवीस दिवसांत येतो. तो रात्री अकरा वाजता येतो तेव्हा पुण्याच्या कॅन्सरतज्ज्ञांना गाठता येत नाही, गल्लीतला दवाखाना समोर असतो. मोठ्या रुग्णालयाचे ज्ञान त्या दवाखान्यापर्यंत नेणारा दुवा फक्त रुग्ण आहे, आणि त्याच्या हातात दिलेला कागद त्याला वाचता येत नाही. माझी तक्रार कोणा एका डॉक्टरविरुद्ध नाही; आमच्या वाट्याला आलेले सर्व डॉक्टर सज्जन होते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि आम्हांला काय सांगायचे हे ठाऊक नव्हते.

इंग्लंडमध्ये इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला खिशात ठेवण्याचे एक कार्ड देतात, बीसीजी घेणाऱ्यालाही देतात. डॉक्टर कोणताही असो, आधी ते कार्ड दाखवायचे. त्याला काही लाखांचे यंत्र लागत नाही. यजमानांसाठी मी तसे एक स्वतः तयार केले. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर निळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिले आणि नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणले. वर एक ओळ आहे, 'मी मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी घेतलेले आहे.' खाली पहिल्या व पाचव्या डोसची तारीख, उपचार थांबवल्याचे कारण, पुण्याच्या विभागाचा आणि सोलापूरच्या डॉक्टरांचा फोन. मागच्या बाजूला, 'सांधा सुजला, डोळा दुखला किंवा अंधुक दिसले, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवणे.' ते कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, रेल्वेच्या पासबरोबर असते. गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचले आणि वहीत उतरवून घेतले.

माझी विनंती अशी की, हे काम एका निवृत्त शिक्षिकेच्या स्केचपेनवर राहू नये. जी रुग्णालये हे औषध देतात त्यांनी पहिल्या डोसच्या दिवशीच असे कार्ड द्यावे, आणि ते रुग्णाच्या भाषेत असावे. आपल्या जिल्ह्यासाठी म्हणजे मराठीसह तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. पूर्व भागातील कितीतरी विणकर कुटुंबांत आजारपणाची चर्चा तेलुगूतच होते. लगाम सैल करणारी औषधे घेणाऱ्यांची साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड आणि सोडियम यांची तपासणी प्रत्येक डोसपूर्वी होते. ती इथल्याच प्रयोगशाळेत दोन दिवस आधी करून घेता आली तर बिघाड पुण्यात नव्हे, इथेच लक्षात येईल. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि शहरातील डॉक्टरांच्या संघटनांनी फॅमिली डॉक्टरांसाठी, हाडांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांसाठीसुद्धा, या विषयावर एक संध्याकाळ ठेवावी. 'गेल्या वर्षभरात कॅन्सरसाठी काही घेतले आहे का?' हा एक प्रश्न केसपेपरवर वाढला तरी पुष्कळ होईल.

रुग्णांच्या घरच्यांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. या दुष्परिणामांवर दिलेले स्टिरॉइड बरे वाटताच आपल्या मनाने बंद करू नये. ते चार ते सहा आठवडे किंवा अधिक काळ हळूहळूच कमी करायचे असते, नाहीतर दाह उसळून परत येतो. स्टिरॉइडमुळे कॅन्सरचा उपचार वाया जाईल या भीतीने पुष्कळ जण ते टाळतात, पण दुष्परिणामासाठी स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांत उपचाराचे फळ गेले, असे अभ्यासांत सर्वसाधारणपणे दिसलेले नाही. दुसरी गोष्ट नोंदीची. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात २०१० पासून आहे आणि २०११ पासून तो गाझियाबादहून चालतो, आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे घरचेही नोंद करू शकतात. आम्ही यजमानांची नोंद केली. शंभरात एखाद्यालाच होणारी गोष्ट प्रत्येक डॉक्टरच्या पाहण्यात येणार नाही, ती नोंदींतूनच दिसू लागते.

कार्डाचा मराठी मजकूर माझ्याकडे तयार आहे. बीसीजीचा वेगळा आणि सलाईनवाटे दिल्या जाणाऱ्या औषधांचा वेगळा, असे दोन नमुने मी लिहिले असून वर उल्लेख केलेल्या फिजिशियननी ते तपासून दिले आहेत. तेलुगू भाषांतर यजमानांच्या कारखान्यातील एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीने केले आहे. कन्नड आणि उर्दूसाठी जाणकारांची मदत हवी आहे. ज्या रुग्णालयांना, डॉक्टरांना किंवा कुटुंबांना हे नमुने हवे असतील त्यांच्यासाठी दोन्हींच्या प्रती या पत्रासोबत आपल्या कार्यालयात ठेवत आहे. त्या विनामूल्य द्याव्यात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दाजी पेठ, सोलापूर